चर्चच्या इतिहासाचं विकिपीडिया संपादन (कोल्हापूर)

कोल्हापूर आणि आसपासची चर्च, मिशन, ख्रिस्ती शाळा-दवाखाने यांचा इतिहास विकिपीडियावर हौसेनं, एक पैसा न घेता लिहायचा, दुसऱ्यानं लिहिलेलं तपासायचं आणि जुळत नसेल तर चर्चा पानावर बोलून एक मजकूर ठरवायचा, असं हे काम आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनीच सुरू झाला. तिथं लिहायला पदवी लागत नाही, खरं नाव सांगावं लागत नाही, मोबाईलवर मराठी कीबोर्ड असला की झालं. पण इथल्या चर्चचा इतिहास लिहायला बसलेला माणूस लवकर अडकतो, कारण छापील कागद बहुतेक इंग्रजीत आणि मिशनरींच्या नजरेतून लिहिलेला, आणि मंडळीची आठवण मराठीत, पण ती बरीचशी तोंडीच.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती सुरुवातीच्या सालावर. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरला होते, १८५२ ला अमेरिकन बोर्डाकडून (मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडून) कोल्हापुरात आले, पुढं शाळा चालवण्यावरून बोर्डाशी मतभेद झाले, मधली काही वर्षं त्यांनी स्वतंत्रपणे काम चालवलं आणि १८७० ला ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाच्या अशाच दुसऱ्या अमेरिकन संस्थेकडं, गेलं. आता माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या बाजूच्या थोडक्यात माहितीच्या चौकटीत, 'स्थापना' समोर काय लिहायचं? एकजण १८५२ लिहितो, दुसरा येऊन १८७० करतो, पहिला परत उलटवतो, आणि गंमत म्हणजे दोघांकडंही संदर्भ असतो! अशा वेळी चौकटीतलं साल बदलत बसू नये, लेखात दोन्ही टप्पे सविस्तर लिहावेत, तेच खरं उत्तर आहे. वायल्डर यांनी पुढं १८७८ ला अमेरिकेत स्वतःचं मिशनविषयक मासिक काढलं, त्यामुळं बोर्डाबरोबरच्या वादाबद्दल त्यातलं वाक्य घेतलं तर ती त्यांची बाजू आहे हे वाक्यातच सांगावं लागतं, आणि बोर्डाच्या अहवालालाही तोच नियम लावायचा.

नावांचा घोळ वेगळाच. वायल्डर की विल्डर, मिरजेच्या मिशनरी डॉक्टरांचं आडनाव वानलेस की वॉनलेस? इथं शहरात लोक जे म्हणतात ते शीर्षकाला ठेवावं आणि बाकीच्या रूपांना पुनर्निर्देशन द्यावं, म्हणजे ती त्याच पानाकडं वळवावीत, म्हणजे कुणी काहीही टाइप केलं तरी पान सापडतं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल (१८९४) आणि कोल्हापुरातलं मेरी वानलेस हॉस्पिटल या दोन वेगळ्या संस्था आहेत, एकीचा मजकूर दुसरीच्या पानावर जाऊ नये म्हणून दोन्ही पानं पहाऱ्याच्या सूचीत (ज्या पानांवरचे बदल आपल्याला दिसत राहतात त्या यादीत) ठेवलेली बरी. तसंच अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात, ते नाव एकोणिसाव्या शतकातल्या घटनेला चिकटवू नये.

भाषेचं म्हणाल तर दोन्ही बाजूंनी ओढाताण असते. मंडळीच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेतून 'प्रभूच्या कृपेनं अंधारातून प्रकाशात आणलं' असं उचललं तर ती भक्ती झाली, ज्ञानकोश नाही, आणि कुणी 'भोळ्या लोकांना फसवून बाटवलं' असं घातलं तर तेही संदर्भाशिवाय टिकत नाही. कोणी, कधी, कुठं बाप्तिस्मा घेतला आणि ते कुठं छापलंय एवढंच लिहावं. मात्र पाळक, मंडळी, उपासना हे शब्द बदलून इंग्रजी घालायची काही गरज नाही, मराठी ख्रिस्ती घरांतली ही रोजची भाषा आहे आणि ती लेखात यायलाच पाहिजे.

संदर्भ शोधायला कोल्हापूर चांगली जागा आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, जुनी सरकारी कागदपत्रं ठेवणारं पुराभिलेखागार आहे, १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर (इंग्रजी राजवटीतला सरकारी माहितीग्रंथ) आता कॉपीराइटमधून मुक्त आहे, आणि 'ज्ञानोदय' हे १८४२ ला अहमदनगरला सुरू झालेलं नियतकालिक तर मराठी मंडळींबद्दल मराठीतच बोलतं. मिशनच्या अहवालांइतकंच किंवा जास्तच वजन त्याला द्यावं असं माझं मत आहे.

कारण त्या अहवालांत एक मोठी पोकळी आहे. मिशनरींची नावं, गावं, पदव्या सगळं सापडतं, आणि वाड्यावस्त्यांवर पायी फिरणारे इथले मास्तर, प्रचारक, बायकांमध्ये जाऊन वाचून दाखवणाऱ्या 'बायबल वुमन' यांचा उल्लेख पुष्कळदा नुसता 'नेटिव्ह मदतनीस' किंवा आकडा म्हणून येतो. त्यांचे नातू-पणतू अजून आहेत, आजीनं सांगितलेलं घरात सगळ्यांना पाठ आहे, पण विकिपीडियावर अप्रकाशित आठवण किंवा स्वतःचं संशोधन चालत नाही, चर्चच्या कपाटातलं बाप्तिस्म्याचं रजिस्टरही थेट पुरावा म्हणून टाकता येत नाही. ज्याच्या पणजीबद्दलचं वाक्य 'संदर्भ हवा' ही खूण लागून शेवटी निघून जातं त्याला वाईट वाटणारच, आणि ते वाटणं रास्त आहे. यावरची वाट लांबची आहे पण ती आहे: मंडळीनं आपल्या स्मरणिकेत रजिस्टरमधली नावं तारखांसकट छापावीत, एखाद्या अभ्यासकानं ती तपासून इतिहासाच्या नियतकालिकात लेख लिहावा, आणि मग कुणीतरी, शक्यतो घरातलं नसलेल्या माणसानं, तो संदर्भ लावून ते वाक्य नावानिशी परत पानावर आणावं.