बी नसलेल्या पिकाचं गाव

भाचीला पाचवा महिना लागला आणि घरात केशराची डबी आली. "रोज दोन काड्या दुधात घाल, बाळ गोरं होईल." बाळाचा वर्ण आईवडिलांच्या जनुकांवर ठरतो, केशराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. वाईट याचं वाटतं की या समजापायी केशराची खरी नवलाई झाकून जाते.

ती इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या एका लहानशा बाजारगावात पाहायला मिळते. गावाचं जुनं नाव चिपिंग वॉल्डन. चिपिंग म्हणजे बाजार. आधी लोकरीवर पोसलेलं हे गाव सोळाव्या-सतराव्या शतकांत केशरावर असं भरभराटलं की सॅफ्रन वॉल्डन हेच नाव पडलं.

नावामुळे केशर म्हणजे पुंकेसर वाटतं, पण ती काडी फुलाच्या स्त्रीभागाची, कुक्षीची. एका फुलात तीनच. किलोभर सुक्या केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात.

आणि या फुलाला बी धरत नाही! आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, केशराच्या पेशीत तिकड्या: ८ प्रकार, प्रत्येकी ३, एकूण २४. परागकण किंवा बीजांड घडताना अर्धसूत्री विभाजनात जोडीतलं एक इकडे, एक तिकडे जातं. तिघांची वाटणी कशी करायची? एका बाजूला दोन, दुसरीला एक. कुठल्या बाजूला दोन, हे प्रत्येक प्रकारात छापा-काट्यासारखं ठरतं असं धरलं, तर आठही प्रकारांची वाटणी एकाच दिशेने होण्याची शक्यता १२८ मध्ये १. बाकी साऱ्या पेशींचा हिशेब बिघडलेला. आपल्या खायच्या केळ्यातही बी नसतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

म्हणून केशर कंदांपासूनच वाढवायचं. जुना कंद दरवर्षी झिजून जातो, त्याच्यावर नवे धरतात, ते माणसाने उपटून, सुटे करून पुन्हा लावायचे. एका यात्रेकरूने पोकळ काठीत लपवून केशराचा कंद इंग्लंडात आणला अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, कंदच आणावा लागला असणार. बी आणणार कुठून?

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथली केशरशेती संपली. लावणारे हात थांबले, आणि मातीत पुन्हा रुजायला बी मागे राहिलेलं नव्हतं. गाव वळलं ते जवाच्या माल्टकडे, म्हणजे चक्क बी रुजवण्याच्या धंद्याकडे. जव भिजवायचे, मोड येऊ द्यायचे. दाण्यात स्टार्चची साखर करणारी विकरं पुरेशी तयार झाली की भट्टीवर वाळवून वाढ तिथेच थांबवायची, नाहीतर दाण्यातला साठा कोंब खाऊन टाकतो.