बॉक्सवरचा टीव्ही डेटा खात नाही, मग ॲप का खातं?
(आमच्या फायबर ग्राहकांसाठी)

महिन्याच्या वीस तारखेनंतर ऑफिसचा फोन एकाच तक्रारीने वाजतो: "नेट स्लो केलंत, आम्ही तर फक्त टीव्ही बघतो." टीव्ही बघता हे खरं, पण कशावर?

राउटरला मागे चार पोर्ट असतात. लाल स्टिकरचा चौथा पोर्ट फक्त सेट-टॉप बॉक्ससाठी सेट केलेला आहे. साफसफाईत वायरी निघतात, परत लावताना बॉक्सची वायर पहिल्या पोर्टात जाते आणि बॉक्स लोडिंगवर अडकतो. मग घरातलं कुणीतरी स्मार्ट टीव्हीवर ॲप उघडतं, तीच मालिका लागते आणि वायरीचा विषय तिथेच संपतो. ॲपवर एचडी चित्र तासाला साधारण ३ जीबीपर्यंत डेटा घेतं. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला ४५० जीबी. एफयूपी, म्हणजे पूर्ण स्पीडने मिळणाऱ्या डेटाची महिन्याची मर्यादा, संपली की प्लॅनप्रमाणे स्पीड उतरतो.

म्हणून फोन करण्याआधी लाल स्टिकर बघा, वायर त्यात घट्ट बसवा, बॉक्स बंद करून चालू करा आणि टीव्हीच्या रिमोटवर एचडीएमआय निवडा. एवढ्यासाठी आमचा मुलगा आला तर व्हिजिट चार्ज लागतो. तो घेताना आम्हालाही बरं वाटत नाही.

"तुमचा टीव्ही मोकळा आणि ॲपला मीटर, हा दुजाभाव नाही का?" शंका रास्त आहे. कॉमकास्ट या अमेरिकन केबल-इंटरनेट कंपनीने २०१५ मध्ये स्वतःची स्ट्रीम टीव्ही सेवा डेटा मर्यादेबाहेर ठेवली, तेव्हा अमेरिकेतही यावरूनच वाद पेटला होता. आपल्याकडे ट्रायने (दूरसंचार नियामक) ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम केला: कोणती साइट, कोणतं ॲप हे बघून डेटाचा दर बदलायचा नाही. ठराविक साइट फुकट देणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स त्यातच बंद पडलं. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख. आमच्यासारख्याचं दुकानच उठेल. त्यामुळे "क्रिकेटचं ॲप तेवढं फ्री करा" म्हणू नका, ते आमच्या हातात नाही.

बॉक्सवरचे चॅनेल मात्र इंटरनेटवरून येत नाहीत. आमच्या कंट्रोल रूममधून ते त्याच फायबरमधल्या वेगळ्या वाटेने येतात आणि एका गल्लीत दहा घरांनी तोच चॅनेल लावला तरी मुख्य लाइनवर तो एकदाच धावतो. अशा बंद नेटवर्कला नियमात सूट आहे, पण पळवाट म्हणून ती वापरायची नाही या अटीवर. टीव्ही फुकट नाहीच, चॅनेल पॅकचे पैसे तुम्ही वेगळे भरताच. आमच्या मोबाइल ॲपवर तेच चॅनेल बघितलेत तर डेटा जातो, कारण ते ॲप इंटरनेटवरून चालतं. तिथे आम्ही स्वतःलाही सूट देत नाही.

बेडरूमच्या टीव्हीवर सगळं ॲपवरच चालत असेल, तर मोठा नेट प्लॅन घेण्याआधी दुसऱ्या बॉक्सचा दर विचारा. बहुतेक घरांना तेच स्वस्त पडतं. वायर ओढून स्टिकर लावून देऊ.