मंडळीतले ‘वडील’ : आजन्म सेवेची प्रथा आली कुठून?

पवित्र शास्त्रातल्या ‘प्रेस्बुतेरोस’ या ग्रीक शब्दासाठी मराठीत ‘वडील’ हा शब्द आहे. इतका घरगुती शब्द क्वचितच एखाद्या पदाला मिळतो. हे वडील म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, कारभार पाहणारी माणसे; ती पगारी नसतात. नोकरी-धंदा सांभाळून ते मंडळीची घरे फिरतात, आजाऱ्याजवळ बसतात, आणि पाळक (पास्टर) बदलून गेले तरी ते तिथेच असतात. त्यांच्या दीर्घ सेवेचे आपण कौतुक करतो. पण वडील एकदा नेमला की आयुष्यभराचा, असा नियम सुरुवातीपासून नव्हता.

पौल आणि बर्णबा या प्रेषितांनी मंडळ्यांमध्ये वडील नेमल्याचे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येते. यहुदी सभास्थानांत वडिलांची प्रथा होतीच, तीच इथे आली. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, असे याकोबाच्या पत्रात आहे. मुदतीबद्दल मात्र शास्त्रात काही नाही.

पुढे शतकानुशतके मंडळीचा कारभार धर्मगुरूंच्या हाती राहिला. 1541 मध्ये धर्मसुधारक जॉन कॅल्विनने जिनिव्हात 12 वडिलांची व्यवस्था बसवली. ते नगराच्या कौन्सिलांमधूनच निवडले जात आणि पाळकांबरोबर दर गुरुवारी बसत. स्कॉटलंडने ही कल्पना उचलली, पण तिथल्या चर्चच्या नियमांच्या 1560 च्या शिस्तग्रंथात वडिलांची निवड दरवर्षी व्हावी असे ठरले. एकच माणूस फार काळ पदावर राहिला तर मंडळीच्या स्वातंत्र्यावर कुरघोडी करील, ही भीती त्यामागे होती. मला ही भीती आजही खोटी वाटत नाही. 1578 च्या दुसऱ्या शिस्तग्रंथाने नेमके उलट केले: देवाने बोलावलेल्या माणसाने हे काम सोडू नये. थकवा येऊ नये म्हणून वडिलांनी आळीपाळीने काही काळ विश्रांती घ्यावी, एवढी सवलत ठेवली. आजन्म वडीलपणाचे मूळ या अठरा वर्षांतल्या बदलात आहे.

स्कॉटलंडमध्ये प्रत्येक वडिलाकडे ठरावीक घरे असत. प्रभुभोजनाआधी (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी) त्या घरांतल्या लोकांना शिशाचे छोटे बिल्ले दिले जात. बिल्ला दाखवल्याशिवाय मेजाजवळ बसता येत नसे. कोणाला बिल्ला द्यायचा, कोणाला नाही, हे ठरवण्यात वडिलाचा शब्द मोठा असे. म्हणून ओळख खोल लागे, आणि ओळखीला वर्षे लागतात.

महाराष्ट्रात ही परंपरा स्कॉटिश मिशनऱ्यांनी आणली. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये त्यांनी प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडिलांच्या कारभाराच्या, पद्धतीची देशी मंडळी उभी केली. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री 1854 मध्ये पाळक झाले आणि पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. घरदार, जातगोत सुटलेल्या त्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांना मंडळीच्या वडिलांची किती गरज भासली असेल! सोयरिकीपासून अंत्यविधीपर्यंत सल्ला विचारायला घरचे कोणी उरले नव्हते.

स्कॉटलंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना वडील होता आले ते 1966 मध्ये. घरोघरच्या भेटीगाठी आणि आजाऱ्यांची सेवा त्या आधीपासून करतच होत्या. पदाला मात्र फार उशीर झाला.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारत चर्चची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना झाली. त्यात प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या, बिशप आले, आणि स्थानिक कारभार ठरावीक मुदतीच्या, निवडून आलेल्या कमिटीकडे गेला. तिथे आता ‘प्रेस्बिटर’ म्हणतात ते दीक्षित पाळकाला. शब्द तोच, पौलाच्या काळातला.