मान्यता संघटनेला, जागा खेळाला

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. पुरुषांचा कर्णधार तर आपल्या पुण्याचा प्रतीक वाईकर. तेव्हापासून इथल्या खो-खोवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘एकदा मान्यता मिळाली की झालं, खो-खो ऑलिंपिकमध्ये!’ या खेळाला नियमांची शिस्त लावली डेक्कन जिमखान्याने, १९१४च्या सुमारास. त्यामुळे पुणेकरांची घाई समजते. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाच्या जागतिक संघटनेला दिलेली मान्यता आणि त्या खेळाचा ऑलिंपिकमधला समावेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्ग काढायचा तर बुद्धिबळापासून सुरुवात करू. एप्रिल २०२५मध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री झाली, कोनेरू हंपी जिंकली. ही मालिका ज्या ‘फिडे’ची, ती बुद्धिबळाची जागतिक संघटना १९२४ साली स्थापन झाली आणि १९९९मध्ये तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली. तरी ऑलिंपिकमध्ये बुद्धिबळाचं पदक नाही. (बुद्धिबळ ऑलिंपियाड ही निराळी स्पर्धा. नावाने तिथेही फसायला होतं.)

बॉक्सिंगमध्ये नेमकं उलटं घडलं. आर्थिक कारभार आणि पंचगिरीवरून समितीने जुन्या जागतिक संघटनेला २०१९मध्ये निलंबित केलं, जून २०२३मध्ये मान्यताच काढली. पण ठोसे थांबले नाहीत. टोकियो आणि पॅरिसच्या लढती समितीने स्वतः चालवल्या. खेळाला जागा होती, संघटनेला पत नव्हती.

ती पोकळी भरायला एप्रिल २०२३मध्ये ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ उभी राहिली. नाव नोंदवून, लेटरहेड छापून जागतिक संघटना होता येतं, पण विचारतं कोण? देशोदेशीचे राष्ट्रीय महासंघ जुनं घर सोडून तिच्याकडे आले, निवडणूक झाली, स्पर्धा झाल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये मान्यता मिळाली, तीही तात्पुरती. पुढच्याच महिन्यात बॉक्सिंग लॉस एंजेलिस २०२८च्या कार्यक्रमात आलं. माझ्या मते इथे खरी किल्ली समितीच्या शिक्क्याइतकीच त्या महासंघांच्या हाती होती.

खो-खोची गोष्ट वेगळी. तिथे जुनी जागाच नाही, त्यामुळे आधी मान्यता हवी आणि मग यजमानाचा आग्रह. लॉस एंजेलिसच्या आयोजकांनी क्रिकेट, स्क्वॉश वगैरे पाच खेळ सुचवले, ऑक्टोबर २०२३मध्ये समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात ते मंजूर झाले. भारताने २०३६चं यजमानपद मागितलंय, म्हणून आपल्याकडे आशा जास्त. पण यजमान सुचवतो तो मान्यताप्राप्त संघटनेचाच खेळ.