कृष्णेचा पूर आणि जीवन रक्षा पदकाचे निकष

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. इथे धोका पातळी ४५ फुटांची आहे. पाणी ओसरल्यावर सत्कार पुष्कळ झाले, शाली-श्रीफळे वाटली गेली. जीवन रक्षा या राष्ट्रीय पदकासाठी नेमके कुणाचे नाव पाठवायचे, यावर मात्र सांगली-साताऱ्यात दर पावसाळ्यात नव्याने वाद होतो. त्याचे मूळ १९६१ च्या नियमांत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. ब्रिटिश राजवटीत १९०० पासून लोकसेवेसाठी कैसर-ए-हिंद पदक दिले जाई. दक्षिण आफ्रिकेतल्या मानवसेवेबद्दल ते मिळालेल्या बॅरिस्टर गांधींनी १९२० मध्ये ते व्हाइसरॉयना परत केले, हे शाळेतच वाचलेले असते. स्वातंत्र्यानंतर ते पदक संपले.

१९६१ मध्ये जीवन रक्षा पदके सुरू झाली : सर्वोत्तम, उत्तम आणि नुसते जीवन रक्षा पदक. पदकावर अभयमुद्रेतला हात आहे आणि वर ‘मा भैषीः’ (भिऊ नकोस) अशी अक्षरे. बुडणे, आग, विजेचा धक्का, दरड, खाणीतली दुर्घटना अशा प्रसंगी दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला ते मिळते. मरणोत्तरही देता येते. तीन पायऱ्या ठरतात त्या वाचवणाऱ्याने पत्करलेल्या धोक्यावरून : जिवाला अत्यंत मोठा धोका, मोठा धोका आणि गंभीर शारीरिक इजेचा धोका. किती दिवस राबला, किती माणसे काढली, याला या मोजमापात स्वतंत्र स्थान नाही.

घोडे अडते ते इथेच. विहिरीत पडलेल्या पोरासाठी कुणी उडी मारली तर प्रसंग एक, साक्षीदार समोर, प्रस्ताव सरळ. कृष्णाकाठचा पूर आठवडाभर चालतो. नावाडी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारतो, कुणी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून तीत म्हातारी माणसे बसवतो. त्यातली कोणती फेरी ‘प्रसंग’ म्हणून लिहायची? शिवाय इथली निम्मी माणसे गोठ्यातली म्हैस सुटल्याशिवाय घर सोडत नाहीत आणि जनावराचा जीव या पदकात धरला जात नाही. साताऱ्याकडच्या घाटांत दरीत दोर टाकून उतरणाऱ्या ट्रेकर मंडळींची अडचण वेगळी. त्यांच्या वाट्याला बहुतेकदा मृतदेह वर काढणे येते. जोखीम तितकीच, पण वाचलेला जीव नसल्याने ते काम नियमात बसत नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा गुंता कर्तव्याचा. सैन्य, पोलीस आणि मान्यताप्राप्त अग्निशमन दलातील व्यक्तीने ड्युटीवर असताना केलेली सुटका मूळ नियमांनी वगळली आहे. तरी अलीकडच्या याद्यांत फलाटावर घसरलेल्या प्रवाशाला ओढून काढणारे रेल्वेचे वर्दीतले जवान दिसतात. मग महापालिकेच्या अग्निशमन जवानाने रात्री पुरात उडी टाकली तर ती नोकरी की धाडस, असे कुणी विचारले तर सरळ उत्तर देणे अवघड आहे.

१९६७ च्या कोयना भूकंपात पदक अस्तित्वात होते, पण आपत्तीसाठी वेगळी यंत्रणा नव्हती. ती आली २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आणि पाठोपाठ उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने. त्यातली आपल्याला जवळची तुकडी तळेगावजवळ सुदुंबरेला आहे. २०१९ मध्ये, महापुराच्या काही महिने आधी, आपत्ती व्यवस्थापनासाठी सुभाषचंद्र बोस पुरस्कार सुरू झाला. तो २३ जानेवारीला जाहीर होतो. संस्थेला ५१ लाख, व्यक्तीला ५ लाख. यात दीर्घ काम मोजले जाते, पण संस्थेकडे लेखी नोंदी, अहवाल हवेत. गावच्या तरुण मंडळाकडे असतात ते मोबाइलमधले व्हिडिओ.

सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. दोन्हीकडे आधी पोचले ते आसपासचे लोक. जीवन रक्षा पदकाची शिफारस राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते, त्यासाठी साक्षीजबाब आणि कागद जिल्ह्यात तयार व्हावे लागतात, आणि घटना जुनी झाली की प्रस्ताव चालत नाही. पूर ओसरल्यावर तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्यांत गुंतलेले असतात. भरपाईच्या याद्या आधी, पदकाचा प्रस्ताव नंतर.