व्हील फिटमेंट

मोटारीची मूळ चाके काढून बाजारातली दुसरी चाके बसवायची, तर ती हबवर (चाक ज्यावर आवळतात त्या मधल्या भागावर) घट्ट बसतील का, ब्रेकला किंवा मडगार्डला घासतील का आणि गाडीचा भार पेलतील का, हे मापांवरून ठरवण्याच्या पद्धतीला व्हील फिटमेंट म्हणतात. दुकानात शिरलेला गिऱ्हाईक बहुधा आधी इंच विचारतो, ‘सतरा की अठरा?’ खरी गोची मात्र ज्याबद्दल कोणी विचारत नाही अशा ऑफसेटमध्ये, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते त्या मापात असते. वेगवान नव्या गाड्यांत तर हमखास.

पहिले माप पीसीडी, म्हणजे चाक आवळण्याचे स्टड (आटे असलेले खिळे) ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्टला ४×१००, म्हणजे चार स्टड आणि १०० मिमीचे वर्तुळ, पोलोला ५×१००, नव्या ऑक्टाव्हियाला ५×११२. जपानी गाड्यांवर सर्रास दिसणारे ११४.३ मिमी हे माप म्हणजे नेमके साडेचार इंच. पीसीडी जुळत नसेल तर पुढचे काही बघायलाच नको. दुसरे माप मधल्या भोकाचे, म्हणजे सेंटर बोअरचे. ते हबपेक्षा मोठे असले तर चाक फक्त नटांच्या आधारावर मध्यावर आणावे लागते. जरा चुकले की वेगात स्टिअरिंग थरथरते. फरक भरून काढायला हब रिंग, म्हणजे मधली कडी घालतात.

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाकाचा हबवर टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर. हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन. आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत जाते.

२०२२ साली आलेली होंडा सिव्हिक टाइप आर, सांकेतिक नाव एफएल५, हे याचे बोलके उदाहरण आहे. भारतात होंडाने ही गाडी विकली नाही. फिटमेंटचा धडा म्हणून मात्र ती उत्तम. तिची मूळ चाके १९×९.५ इंच (व्यास × रुंदी), ऑफसेट +६० मिमी, पीसीडी ५×१२०, सेंटर बोअर ६४.१ मिमी आणि टायर २६५/३० आर १९ (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची तिच्या ३० टक्के, रिम १९ इंची). ५×१२० म्हटल्यावर जुन्या बीएमडब्ल्यूची चाके डोळ्यांसमोर येतात, आणि ती स्टडवर जातातही. पण त्यांचे मधले भोक ७२.६ मिमीचे. शिवाय ऑफसेट सहसा इतका कमी, की चाक मडगार्डबाहेर डोकावते.

एवढा मोठा ऑफसेट होंडाने हौसेने ठेवलेला नाही. जपानी बाजारातल्या एफएल५चे ३३० पीएस ताकद आणि ४२० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) एकट्या पुढच्या चाकांवर येतात. अशा गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग हातातून ओढले जाते. याला टॉर्क स्टिअर म्हणतात. ते आवरण्यासाठी पुढे ड्युअल ॲक्सिस स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) आहे. यात चाक वळते तेव्हा स्ट्रट वळत नाही, म्हणून वळण्याचा अक्ष चाकाच्या मध्याजवळ आणता येतो. हे सगळे गणित +६० धरून बांधलेले आहे.

आता कोणी १८×९.५, ऑफसेट +४५ चे चाक घेतले, असे धरू. रुंदी तीच, पण चाक १५ मिमी बाहेर सरकले. रिमची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ६०.६५ मिमीवर होती, ती ७५.६५ वर गेली. गाडी रुंद, दणकट दिसते आणि फोटो छान येतो. पण टायरचा मध्य वळण्याच्या अक्षापासून तेवढाच दूर गेला आणि होंडाने मेहनतीने दाबलेली ओढ थोडीफार परतली. स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) घातला तरी हेच होते. टायरचे गणित मात्र सोपे आहे: मूळ टायरचा बाहेरचा व्यास ६४१.६ मिमी, २६५/३५ आर १८ चा ६४२.७. स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही, आणि खड्ड्यात रिम वाचवायला बाजूचे रबर १३ मिमी जास्त मिळते.

जपानमध्ये २०१७ पासून प्रवासी गाड्यांच्या टायरला मडगार्डबाहेर १० मिमीपेक्षा कमी डोकावण्याची मुभा आहे, तीही फक्त टायरला, रिमला नाही.

ब्रेकचे प्रकरण आकड्यांत मावत नाही. एफएल५ च्या पुढच्या डिस्क ३५० मिमीच्या आहेत, त्यांवर ब्रेम्बो कंपनीचे जाडजूड कॅलिपर (डिस्क आवळणारे ब्रेकचे जबडे). अठरा इंची चाक आतून मोकळे बसेल, पण आऱ्यांची मागची बाजू कॅलिपरला टेकेल, असे होऊ शकते. एकाच मापाच्या दोन डिझाइनांपैकी एक बसते, दुसरे नाही. म्हणून चाके बनवणाऱ्या कंपन्या कॅलिपरसाठी कागदी टेम्पलेट देतात. पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून ते हबवर धरून पाहायचे.

नटांकडे लोक सर्वांत कमी बघतात आणि धोका तिथेच मोठा. होंडाच्या मूळ चाकांतली नटाची बैठक गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक चाकांची शंकूसारखी. जुनेच नट वापरले तर ते बारीक कडेवर टेकतात आणि सैल होत जातात. भाराचेही पाहावे लागते: टायरवरचा ९३ हा निर्देशांक म्हणजे ६५० किलो, आणि रिमची क्षमताही गाडीच्या भाराला पुरायला हवी. जपानी चाकांवरचा ‘जेडब्ल्यूएल’ शिक्का तिथल्या चाचणी-मानकाची खूण आहे.

जाणते फिटर आधी टायरशिवाय एकच रिम चढवतात, हाताने फिरवून कॅलिपर पाहतात. मग टायर घालून, गाडी जमिनीवर ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवतात. नट टॉर्क रेंचने आवळतात आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावतात.