सायमन द माँटफोर्ट: बाप कुठला आणि मुलगा कुठला?

सायमन द माँटफोर्ट म्हटलं की कुणी म्हणतं कॅथर लोकांना (चर्चने पाखंडी ठरवलेला एक ख्रिश्चन पंथ) जाळणारा तो क्रूर क्रुसेडर, कुणी म्हणतं इंग्लंडमध्ये पार्लमेंट भरवणारा. दोघंही बरोबर, कारण ही माणसंच दोन आहेत, बापलेक. दोघं फ्रेंच घराण्यातले, दोघांच्या नावापुढे लेस्टरचा अर्ल (इंग्लंडमधला सरदारकीचा किताब), वर दोघंही क्रुसेडला, म्हणजे चर्चच्या धर्मयुद्धाला, जाऊन आलेले, मग घोळ होणारच ना.

बाप पॅरिसजवळच्या माँटफोर्टचा सरदार. अर्लपद त्याच्या आईकडून आलेलं, पण इंग्लंडच्या जॉन राजाने ती जहागीर जप्त केली त्यामुळे ते नावापुरतंच. गंमत म्हणजे चौथ्या क्रुसेडमध्ये झारा शहरावर हल्ला करायची वेळ आली तेव्हा हाच माणूस अडून बसला, ख्रिश्चन शहरावर हात उचलणार नाही म्हणाला आणि फौज सोडून पुढे पॅलेस्टाईनला गेला. आणि 1208 मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने दक्षिण फ्रान्समधल्या कॅथरांविरुद्ध क्रुसेड पुकारलं तेव्हा तिथे त्याचं हे तत्त्व कुठे गेलं देव जाणे! कार्कासोन पडल्यावर बड्या सरदारांनी तिथली गादी नको म्हटलं, याने घेतली. 1210 मध्ये मिनेर्व्हला 140 च्या आसपास कॅथर जिवंत जाळले, ब्राममध्ये कैद्यांचे डोळे काढले आणि फक्त एकाचा एक डोळा शाबूत ठेवला, बाकीच्यांना वाट दाखवायला. सेनापती मात्र जबरदस्त, 1213 ला म्यूरेच्या लढाईत कमी फौज घेऊन जिंकला आणि अरागॉनचा राजा पेद्रो त्यात मारला गेला. शेवटी 1218 मध्ये तुलूझच्या वेढ्यात डोक्यात दगड बसून मेला, तो दगड फेकणारं यंत्र शहरातल्या बायका चालवत होत्या असं तेव्हाच्या काव्यात आहे.

मुलगा तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. मोठ्या भावाने हक्क सोडला म्हणून हा इंग्लंडला जाऊन लेस्टर मागून घेतो, 1238 मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीच्या बहिणीशी लग्न करतो आणि पुढे त्याच मेव्हण्याला 1264 ला लूइसच्या लढाईत कैद करतो. 1265 च्या पार्लमेंटला त्याने शहरांचेही प्रतिनिधी बोलावले, त्याचं नाव आहे ते यासाठी. म्हणून लगेच लोकशाहीचा संत वगैरे म्हणू नका, त्याने लेस्टरमधून ज्यूंना हाकललं होतं आणि बंडाच्या काळात त्याच्या माणसांनी लंडनमध्ये ज्यूंची कत्तल केली.

त्याच 1265 च्या ऑगस्टमध्ये ईव्हशॅमला तो मारला गेला. तिथे अजून एक घोळ, कारण त्याच्या एका मुलाचं नावही सायमनच! हेन्रीचा मुलगा राजपुत्र एडवर्ड याने आधी केनिलवर्थला या पोराच्या फौजेवर छापा घालून झेंडे पळवले आणि तेच फडकावत ईव्हशॅमवर आला, त्यामुळे बापाला आधी वाटलं आपला मुलगाच मदतीला येतोय.